अक्कांचं गरम पाणी

“सिगारेट ओढता का?” असं आमच्या अक्कांनी कुठल्याच पेशंटला कधी विचारलं नाही. त्या विचारायच्या, “शेवटची कधी ओढली?” आणि पेशंट निमूटपणे सांगून टाकायचा. तोच माणूस दहा मिनिटांपूर्वी मला, म्हणजे त्याला भूल देणाऱ्या डॉक्टरला, “छे हो मॅडम, वाससुद्धा सहन होत नाही,” म्हणालेला असायचा. मला अक्कांचा हेवा वाटायचा. आजही वाटतो.

अक्का आमच्या बेंगळुरूच्या हॉस्पिटलातल्या वॉर्डच्या सिस्टर. माहेर निपाणीचं, आई तंबाखूच्या वखारीत कामाला. त्यामुळे नाक तयार होतं, पण वास आल्याचं त्या दाखवत नसत. आधी नातेवाइकांना बाहेर काढायच्या, ‘जरा’ऐवजी कानडी ‘स्वल्प’ लावून. “स्वल्प गरम पाणी आणता का, खालच्या कँटीनमधनं?” बायको थर्मास घेऊन गेली, की स्टूल ओढून बसायच्या. पाणी येईपर्यंत सगळं सांगून झालेलं असायचं.

मी पुण्याची, एमडी. सिगारेटने चिडलेली फुप्फुसं, कमी पडणारा ऑक्सिजन, भूल उतरताना आवळणारा घसा, सगळं चित्र काढून समजावायचे. लोक माना डोलवायचे आणि खोटं बोलायचे. पुढे टेबलावर छाती घरघरायला लागली, की धावपळ माझी.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. तो बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात इंजिनियर. शर्टाला येणारा वास कामगारांचा, असं तो सांगायचा आणि मला ते पटायचं. भूल माझा एक सहकारी देणार होता. आदल्या दिवशी दुपारी मी पलंगाशी बसले होते, तेवढ्यात अक्का आल्या. “मॅडम, स्वल्प गरम पाणी आणता का?”

मी थर्मास उचलून निघालेसुद्धा. अर्धा जिना उतरल्यावर लक्षात आलं, आणि परत फिरायची हिंमत झाली नाही.

तासाभरात सहकाऱ्याने ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकललं. दिवसाला दहा, शेवटची त्याच दिवशी सकाळी, आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि हे मला तिसऱ्याकडून कळत होतं. मी अक्कांना गाठलं. “मला का नाही सांगितलं त्याने?”

“तुमाला भितात की ओ, मॅडम,” अक्का म्हणाल्या. “मला कोण भितंय?”

त्याने सिगारेट सोडली. ऑपरेशन नीट झालं, भूल उतरताना साधा खोकलासुद्धा आला नाही. अक्का निवृत्त होऊन निपाणीला गेल्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी हा त्यांना फोन करतो. माझ्याशी कधी हसत नाही असं त्यांच्याशी हसतो, आणि माझा जळफळाट होतो.

मागच्या रविवारी मी हॉलमध्ये आले, तर तो फोनवर म्हणत होता, “अक्का, बुधवारी एक...” मला पाहून थांबला. कुठे ओढलीस, का ओढलीस, विचारायला जीभ नुसती शिवशिवत होती. पण मी स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं आणि गॅसवर पाणी ठेवलं. कुणालाच नको होतं ते. तरी चांगलं उकळेपर्यंत तिथेच उभी राहिले.