गॅलरीतली कण्हेर

देवापुढं तांबडी कण्हेर दिसली की कोरमंगलाची ती घटना आजही आठवते. मी मूळचा निपाणीचा, घरी मराठी बोलणारा; तेव्हा त्या कानडी शहरात, कोरमंगलाच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. त्यामुळं मराठी घरातली प्रकरणं हमखास माझ्याच टेबलावर यायची.

श्रावणातल्या एका सोमवारी रात्री दवाखान्यातून कळवलं, की एका म्हाताऱ्या बाईंना उलट्या होतायत, नाडी मंद आहे, विषबाधेचा संशय आहे. डायरीत नोंद होतेय तोवर त्यांची मुलगी हजर झाली. "साहेब, वहिनी कॉफीतून काहीतरी देते आईला. गेल्या सोमवारीपण कॉफीनंतरच उलट्या झाल्या."

फ्लॅटवर गेलो. गॅलरीत एकच कुंडी, कण्हेरीची. सोबतच्या हेड कॉन्स्टेबल बाई आनेकलच्या. त्या म्हणाल्या, "सर, हे कणगिले, तुमची कण्हेर. विषारी. आमच्याकडं शेळीपण तोंड लावत नाही." कुंडी सुनेनं आणलेली, कॉफी सुनेनं केलेली. माझ्या लेखी केस तिथंच मिटली.

सून हेब्बाळला कंपनीत नोकरीला. तिला ठाण्यात आणून तेच प्रश्न उलटसुलट विचारले. उत्तर एकच, "आईंना पूजेला गावाकडची फुलं हवी होती, म्हणून झाड आणलं." नवरा बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेला, बायकोच्या बाजूनं एक अक्षर नाही. अटकेचे कागद मी तयार करायला सांगितले. राहिला होता फक्त सासूबाईंचा जबाब.

दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर आल्या. "मावशी, काल काय खाल्लंत, काय प्यायलात?"

"उपास होता. संध्याकाळची कॉफी, बस्स."

आता सुनेची सुटका नव्हती. वही मिटली आणि उठता उठता आपलं सहज बोललो, "आमची आईपण महादेवाला कण्हेर वाहायची. पूजेचं पाणी परसात ओतायची."

"तुमच्या आईला परस होतं हो. इथं कुंडीत ओतलं की खालच्या अक्कांच्या कपड्यांवर गळतं. देवाचं पाणी मोरीत कसं ओतू? सोमवारी फुलं दिवसभर पाण्यात असतात, ते पाणी दिवेलागणीला तीर्थ म्हणून वाटीभर पिऊन टाकते."

मी मिटलेली वही पुन्हा उघडली. "मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तीर्थ कुणी खाण्यापिण्यात धरतं का?"

देवघरातलं उरलेलं पाणी तपासणीला पाठवलं. विष त्यातच निघालं, कॉफीच्या कपात काही नव्हतं. अटकेचे कागद मी स्वतःच्या हातानं फाडले.

आठवड्यानं सासूबाई सुनेला घेऊन ठाण्यात आल्या. मागून मुलगा आणि मुलगी. पिशवीतून थर्मास काढला. "सुनेनं केलीय. आधी मी पिते, मग तुम्ही प्या." सगळ्या ठाण्यादेखत त्यांनी कप रिकामा केला. मग मुलाकडं आणि मुलीकडं पाहून म्हणाल्या, "आता तुम्ही."

दोघांनी मुकाट कप उचलले. सून भिंतीकडं तोंड करून रडत होती.

तेव्हापासून जबाब घेताना मी "काय खाल्लंत" एवढ्यावर थांबलो नाही. माणसाला दिवसभराचं सगळं बोलू दिलं. कण्हेर माझ्याही दारात आहे. तिचं फूल मी देवाला वाहतो, तीर्थात तुळस घालतो. आणि त्या दिवशी ठाण्यात सुनेनं मला कप देताना विचारलं होतं, "साखर पुरे का, साहेब?" कॉफी अगोड होती. मी पुरे म्हणालो.