माळीबुवांनी लावलेलं तण

माळीबुवांनी बत्तीस वर्षं एका कंपनीची हिरवळ राखली आणि बत्तीस वर्षं आंबुशीशी वैर धरलं. तीन पानांची, पिवळ्या फुलाची ही आंबट पालेभाजी रानची, पण घुसायची हिरवळीत. वरून खुडली की मुळाशी फुटायची. शेंगेला बोट लागलं की बी उडवून मोकळी. साहेबाशी बोलतानाही माळीबुवांची नजर खाली आणि चिमूट तयार.

निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच बायको तापानं पडली. ताप उतरला, तो जाताना तोंडाची चव घेऊन गेला. काहीही द्या, भुसा लागतो म्हणायची. डॉक्टरांनी बजावलं, महिन्यानं वजन बघू; आणखी उतरलं तर भरती. ती म्हणाली, आंबुशी वाटून दिलीत तर दोन घास जातील.

आली का पंचाईत? हिरवळीवर माळीबुवांनी आंबुशी औषधालाही ठेवली नव्हती. मग नळाच्या कट्ट्याच्या फटीतून मुळं उकरून आणली, कुंडीत लावली, कुंडी गॅलरीत. आठवड्यात कोंब आले. नवव्या दिवशी माळीबुवा शेजारच्या शिंप्याशी कठड्यावरून गप्पा मारत बसले. गप्पा संपल्या तेव्हा कुंडी लख्ख आणि आंबुशी मुळासकट मुठीत. तीच परत लावली. चार दिवसांनी परत तेच. उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधल्या, तर डाव्या हातानं काम केलं. शिंपी म्हणाला, न्हाव्याला दाढी राखायला बसवल्यावर दुसरं काय होणार?

चौथ्यांदा हात कुंडीकडे सरकताना बायकोनं खाटेवरून पाहिलं. मोरीपर्यंत जायलाही ज्या बाईला आधार लागायचा, ती भिंत धरत एकटी गॅलरीत आली आणि कुंडी कडेवर घेतली.

"हात मागे बांधा. आजपासून ही माझी."

कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली. आठवण झाली तर पाणी, नाहीतर नाही. आंबुशीला तेच मानवलं. वजनाच्या आदल्या दिवशी ती काठावरून खाली लोंबत होती. बाईनं मूठभर पानं खुडली, लसूण-मीठ घालून वाटली, बोट चाटलं. एक डोळा मिटला, तोंड वाकडं झालं.

"आंबट आहे का गं?" माळीबुवांनी दारातूनच विचारलं.

"मग काय गोड असेल? भात वाढा."

माळीबुवांनी मागे बांधलेले हात तेवढ्यापुरते सोडले.