कोमल रिषभ आणि नसरीनची नजर

माझ्या पोटात काही राहत नाही, असा माझा घरादारात लौकिक आहे. शेजारणीचं भांडण असो की नणंदेला आलेलं स्थळ — संध्याकाळपर्यंत मी गल्लीभर करते! पण ही एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, बसा जरा.

आधी माझं काम काय होतं ते ऐका, म्हणजे हसाल. केजला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर एक खोली. तिथं बसून आम्ही फ्रान्सच्या एका संगीतकाराचं पियानोचं संगीत कॉम्प्युटरवर उतरवायचो. खोटं वाटतं ना? पियानो आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी बघितला नव्हता! त्या माणसाला जाऊन जमाना झाला. नाव विचारू नका, माझ्या तोंडात ते नीट बसतच नाही. तर तिकडचे विद्वान त्याच्या संगीताची चिकित्सक आवृत्ती काढत होते. म्हणजे काय? त्यानं हातानं लिहिलेलं, मग पहिल्यांदा छापलेलं, आणि त्याच्या स्वतःच्या प्रतीत त्यानं पेन्सिलीनं केलेल्या दुरुस्त्या — सगळं शेजारी शेजारी मांडायचं आणि त्या बाबानं नेमका कोणता सूर लिहिला होता ते ठरवायचं. ठरवायचे ते. आम्ही ते चोख उतरवायचो. आम्हाला हे काम देणाऱ्या सरांचा एकच नियम होता, दिसेल ते टाका, ऐकू येईल ते टाकू नका.

हा नियम खास माझ्यासाठीच केला होता की काय, कुणास ठाऊक! माझं माहेर धर्मापुरीचं. वडील भजनात पेटी वाजवायचे आणि मी त्या पेटीला टेकूनच मोठी झाले. त्यामुळं मी गुणगुणत उतरवायची, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून नसरीन ते तपासायची. नसरीन माझी जिवाभावाची मैत्रीण. गाण्यात तिला फार गोडी नाही, म्हणूनच तपासण्यात लई पक्की. पडद्यावर बोट ठेवून पाढे म्हटल्यासारखी सा, रे, ग वाचत जायची, आणि चूक सापडली की टाळी वाजवायची. "पकडली बघ, सुनंदा!" मग चहा माझ्याकडून. काय हसायचो आम्ही!

एका दुपारी एका तुकड्याचा शेवट करत होते. सूर असे उतरत आले, की जणू भजन संपताना वडिलांनी भैरवीच धरली. माझ्या हातानं आपसूक भैरवीतला कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला रे, टाकला. कागदावर शुद्ध होता. फ्रान्सच्या माणसाला मी भैरवी शिकवायला निघाले होते!

नसरीननं पकडलं. टाळीही वाजवली. पण त्या दिवशी सर मागंच उभे होते, आणि पेटीवाल्याची लेक म्हणून आदल्या दिवशीच त्यांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. आणि मी — कसं सांगू आता? — मी म्हणाले, "अगं, त्याच्या स्वतःच्या प्रतीत पेन्सिलीनं कोमलची खूण केलीय. तुला दिसली नाही?"

खूण नव्हती. ती प्रत सकाळी आम्ही दोघींनी मिळून बघितली होती.

नसरीनचं हसू तिथंच थांबलं. "व्हय का? मला कशी काय दिसली न्हाई?" एवढंच बोलली. उघडून दाखव म्हणाली असती तर? पण तसं ती म्हणालीच नाही. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा माझ्यावर भरवसा जास्त. सर म्हणाले, "नसरीन, ध्यान कुठाय बाई?" आणि खाली चहाला गेले.

ती घरी गेल्यावर मी तो सूर गुपचूप शुद्ध करून टाकला. म्हणजे पुस्तकात चूक नाही हो! पुस्तक छापून आलं, तिकडचे विद्वान खूश झाले, सरांनी पेढे वाटले. पेढे खायला नसरीन नव्हती. कारण तिनं मनात घेतलं होतं, की आपली नजर गेली. केजच्या डॉक्टरला दाखवलं, मग अंबाजोगाईच्या. दोघंही म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तिला पटेना. एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, आणि मग मलाच विचारायची, "हे शुद्धच हाय ना गं?" मला! आणि मी ऐटीत मान डोलवायची. तेव्हा तोंड उघडायला मला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. खोटारडी ठरले असते, बस्स. शेवटी तिनं ते काम सोडलं. दुसऱ्याच्या पुस्तकात आपल्यापायी चूक नको, म्हणाली. ते काम तिला लई आवडायचं.

आता ती वडिलांच्या फळांच्या दुकानात बसते. दुकान जोरात चालतं, तिची बडबड त्याहून जोरात. आमची थट्टामस्करी तशीच आहे, ईदचा शिरखुर्मा सगळ्यात आधी माझ्या घरी येतो. फक्त फळं ती कुणालाच निवडून देत नाही. परवाही गेले होते, तर तिनं सीताफळांची पाटी माझ्यापुढं सरकवली.

"तूच निवड बाई. माझ्या नजरेचं काय खरं न्हाई."

आणि मी निवडली.