इस्त्रीवाल्या मावशींची शांतता

रोजचे आवाज टिपून मी ज्याला संगीत म्हणतो ते सुरू झालं की आमची आई विचारते, ‘‘पंखा खराब झाला काय रे?’’ तरी परदेशातली एक चिमुकली कंपनी माझ्या कॅसेटी काढते आणि चार-दोन शहाणे त्या विकतही घेतात.

वसाहतीच्या सेक्टर 10 मध्ये आमच्या क्वार्टरसमोर एक मावशी कोळशाची इस्त्री करतात. त्या कपड्यांशीही बोलतात. कॉलरला रागावतात, बाहीला समजावतात. ओल्या कापडावर इस्त्री फिरते तो आवाज मला रेकॉर्ड करायचा होता, म्हणून मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं, ते चादरींचा अख्खा गठ्ठा संपेपर्यंत सोडलं नाही.

कॅसेट निघाली. तिकडच्या कोणीतरी लिहिलं, या कलावंताचा संयम थोर आहे. मी कॅसेट दाखवत ते मावशींना फुशारकीनं सांगितलं.

कव्हरवरचं माझं नाव बघून त्या म्हणाल्या, ‘‘चूप तं मी बसली, अन् नाव तुहं कावून?’’

पुढच्या कॅसेटवर तुमचं टाकतो म्हणून मी ऐटीत पेन काढलं आणि तिथेच अडलो. इतकी वर्षं त्यांच्याकडे शर्ट देतोय, पण त्यांचं नाव विचारण्याच्या बाबतीत माझा संयम खरोखरच थोर होता.