घड्याळजींचा रविवार

आमच्या नदीराखण मंडळात सात माणसं होती. त्यातलं एक कमी झालं. त्याच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण वहीत आकडे मी लिहीत असे. आकडे लिहिणं वेगळं आणि माणूस लिहिणं वेगळं. जमेल तसं लिहितो.

घड्याळजींचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली होतं. एका माणसाने आत बसावं आणि गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहावं, एवढीच जागा. काचेच्या पेटीत पोटं उघडलेली घड्याळं, डोळ्याला भिंग, आणि दुपारच्या डब्यातही चिमटा ठेवलेला. बायको लवकर गेली. एकुलती मुलगी नदीच्या खालच्या अंगाला, काठच्या वस्तीत दिली होती. त्या वस्तीला पाणी एकाच विहिरीचं, आणि विहीर नदीपासून वीस पावलांवर. नदीत जे जाईल ते झिरपून हंड्यात येणार, हे कळायला शाळा लागत नाही. वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला, तेव्हा मंडळ काढायला घड्याळजी घरोघर फिरले ते त्या विहिरीसाठी.

आमचं काम साधं होतं. दर रविवारी सकाळी आठला, कारखान्याच्या जरा खाली असलेल्या पुलाच्या तिसऱ्या कमानीवरून एक पांढरी थाळी पाण्यात सोडायची. थाळीला खालून वजन, वर गाठी मारलेली दोरी. थाळी दिसेनाशी झाली की किती गाठी बुडाल्या ते मोजायचं. गाठी जास्त तर पाणी नितळ. मग तिथेच नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या कडेने वर चालत जायचं, कचरा उचलायचा, ढासळलेल्या बांधावर दगड रचायचे आणि अकराला घरी.

वार, वेळ आणि कमान बदलायची नाही, हा घड्याळजींचा नियम. आज इथे, उद्या तिथे मोजलं तर तुलना कशाची करणार, असं ते म्हणत. आम्हाला पटलं. कारखान्याचा पहारेकरी चेष्टेने म्हणायचा की घड्याळजी पुलावर दिसले की मी माझं घड्याळ लावून घेतो. आम्ही हसायचो. घड्याळजीसुद्धा हसायचे, थोडे खूश होऊन.

महिन्याच्या आकड्यांची एक प्रत नगरपालिकेत जाई. दुसरी ते स्वतः विहिरीच्या खांबावर चिकटवत. खाली मोठ्या अक्षरात लिहीत, ‘पाणी ठीक’.

अकरा वर्षं असं चाललं. मुलगी मधूनमधून म्हणायची की बाबा, काही दिवस पाण्याला उग्र वास येतो, पातेल्याला निळसर कड धरते. घड्याळजी वही काढून दाखवत. वहीत तसं काही नाही, म्हणत. एकदा मीही तिथे होतो. मीही म्हणालो, पातेलंच जुनं असेल.

मग तिचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. आठवड्यातून दोनदा मशीन लागलं. पाण्यामुळे का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, असेलही, छातीठोक सांगता येत नाही. घड्याळजी तरी वहीलाच धरून होते.

त्यांचे मेहुणे वारले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आमचा एक रविवार चुकला. वहीतली रिकामी ओळ त्यांना बघवेना. बुधवारी दुपारी दोनला दुकान बंद करून मला घेऊन ते पुलावर आले. थाळी सोडली. पहिली गाठ भिजायच्या आत थाळी गेली. त्यांनी दोरी ओढून बघितली, पुन्हा सोडली. तेच. पाणी शाईसारखं होतं.

पहारेकरी तेवढ्यात चहा पिऊन परत येत होता. तो म्हणाला, “आज कसे काय? तुमचा तर रविवार असतो.”

त्याच्या बोलण्यात काही डाव नव्हता. बोलून गेला आणि मग त्याचा चेहरा पडला. घड्याळजींनी दोरी गुंडाळली. ती गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला. शनिवारी दुपारी कारखान्याचा सांडपाण्याचा पाइप बंद व्हायचा आणि रविवारी आम्ही घरी गेलो की उघडायचा, हे पुढचे दोन आठवडे पाळत ठेवून आणि दोन्ही बुधवारी मोजून आम्ही पक्कं केलं.

पहिल्या बुधवारीच संध्याकाळी घड्याळजी मुलीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “मला वाटलं, माझंच नाक बिघडलंय.” एवढंच. नंतर मला सांगताना ते म्हणाले की तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभराने कारखान्याच्या वाढीव भागाच्या परवानगीसाठी सुनावणी होती. परवानगी मिळाली तर सोडलेलं पाणी दुप्पट होणार. कारखान्याच्या वकिलाने आमच्याच वहीच्या प्रती पुढे ठेवल्या. नगरपालिकेत आम्हीच हौसेने दिलेल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आदल्या दिवशी मंडळातल्या नर्सबाईंनी सुचवलं होतं की दोरीच्या गाठी सरकल्या होत्या म्हणून सांगा, वहीच बाद होईल.

वकिलाने अदबीने विचारलं की काका, या पाचशे एकाहत्तर नोंदींतली एखादी खोटी आहे का?

घड्याळजी उभे राहिले. “नोंदी खऱ्या आहेत,” ते म्हणाले. “पाणी त्या तीन तासांपुरतंच खरं होतं.”

मग त्यांनी तीन बुधवारांचे आकडे वाचले. मागे कुणीतरी म्हणालं, वरातीमागून घोडं. पाचशे एकाहत्तर विरुद्ध तीन. परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीच्या खांबावरचे सगळे कागद खरवडून काढले. मग मला बरोबर घेऊन वस्तीतली चाळीसही घरं फिरले. प्रत्येक दारात तेच वाक्य. मी चुकीचं सांगितलं होतं, हे पाणी पिऊ नका. कुणी बसायला सांगितलं, कुणी दार लोटलं. शेवटच्या घरातली म्हातारी उंबऱ्यात बसली होती.

ती म्हणाली, “अकरा वर्षं पी म्हणालात, आता नको म्हणता. मग काय पिऊ, तेवढं सांगा.”

दुसऱ्या दिवसापासून घड्याळजी बाजारातल्या नळावरून दोन कॅन भरून सायकलला अडकवून नेऊ लागले. एक मुलीला, एक म्हातारीला. दुकान उघडायला उशीर होऊ लागला, मग दुकान राहिलंच. सव्वा वर्षाने, त्याच वाटेवर, चढाला सायकल हातात धरलेली असताना ते खाली बसले आणि उठले नाहीत.

आता कॅन मी नेतो. मुलीचं मशीन चालू आहे. माझ्याच्याने दोनच घरं होतात. बाकीची अडतीस विहिरीवरच भरतात.