वाचून दाखवल्याची ओळ

तळवलीच्या गंगारामचं अक्षर देखणं, आणि त्याच अक्षरानं त्याचा घात केला.

शहात्तर साली सरकार नव्या शहरासाठी जमिनी घेत होतं, तेव्हा तो जमिनीच्या कचेरीत कारकून होता. गावकरी संमतीच्या कागदावर अंगठा उठवत आणि गंगाराम त्याखाली ठरलेली ओळ लिही: ‘मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.’ वाचतंय कोण! रांग दारापर्यंत आणि साहेबांचा डोळा घड्याळावर. त्याची सख्खी आत्या चांगुणाबाई पुढे आली, तेव्हाही त्यानं वाचलं नाही. फक्त भाताचं शेत जाणार, असं तिला वाटत होतं. खळं आणि विहीरही त्याच कागदात होती. वाचलं तर आत्या अंगठा देणार नाही, हे गंगारामला तेव्हाही कळत होतं.

पुढे विहीर बुजली, कुंपण आलं. सरकारनं फसवलं, असं आत्या गावभर सांगे. गंगाराम मुकाट मान डोलावी.

त्र्याऐंशीत वाशीच्या अरविंद सरांनी त्याला एक व्याख्यान टाइप करायला दिलं. सर कायदा शिकवत. विषय होता, विकसनशील देश आणि आंतरराष्ट्रीय कायदा. रविवारी सकाळी गंगाराम मशीनवर बसला. बोटं चालत होती, डोकं भलतीकडेच होतं. मग एक पान आलं. आफ्रिकेतल्या कुणा टोळीप्रमुखानं स्वतःला वाचता न येणाऱ्या करारावर खूण केली आणि खाली दुभाष्यानं लिहिलं, ‘अर्थ समजावून सांगितला.’ मुलूख गोऱ्यांच्या हाती गेला. असले करार आम्ही का पाळायचे, असं नवे स्वतंत्र देश आता जगाच्या सभेत विचारतात आणि कायद्याला ते ऐकावं लागतं, असं सरांनी पुढे लिहिलं होतं.

दुभाष्याचं नाव दिलं नव्हतं. गंगारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान मशीनमध्येच सोडून तो उठला.

आत्या ओट्यावर सुकट निवडत होती.

“आत्या, त्यो कागद मी वाचला नवता. इहीर त्यात व्हती. तरी खाली लिवलं, वाचून दाखवला.”

आत्याचे हात थांबले नाहीत.

“मना ठाव हाय. कुंपन आलं तवाच मी कागद दुसऱ्याकरनं वाचून घेतला. खालची तुजी वळ पन त्यानी वाचली.”

“मंग बोलली का नाय?”

“गावात तुला तोंड दाखवाचं व्हतं ना,” आत्या म्हणाली. “म्हनून मी सरकारचं नाव सांगतंय.”