बंद झालेलं मॉडेल

शहापूरजवळ हायवेला लागून गाड्यांचं एक शोरूम होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तिथे सेल्समन म्हणून लागलो. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची एक रंगीत पुस्तिका असायची. मोठा ट्रक, डंपर, छोटा ट्रक, जीप आणि डबल केबिनची पिकअप, असं सगळं तिच्यात होतं. मला ती पाठ झाली होती.

माझे मामा सिद्धगडाच्या पायथ्याशी भेंडी, काकडी लावायचे. माल कल्याणला न्यायला दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघत बसावं लागायचं. ते मला म्हणाले, "तू सांगशील ती गाडी घेतो. मला त्यातलं काय कळत नाय."

पाऊस संपल्यावर ते शोरूमला आले. त्यांचा ओढा छोट्या ट्रककडे होता. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "त्यांना पिकअप दे. पुढे घरची माणसं बसतील, मागे माल. दहा वर्षं ही गाडी कुठे जात नाही, पार्ट कुठेही मिळतील." मी तेच शब्द मामांना सांगितले. त्यांच्या पाठोपाठ टोकावड्याकडच्या आणखी दोघांनी तीच गाडी घेतली, मी मामांचा भाचा म्हणून.

दिवाळीनंतर नवीन पुस्तिकांचे गठ्ठे आले. मी एक उघडली. पिकअपच्या जागी दुसरीच गाडी होती. इंजिन वेगळं, केबिन वेगळी. जुनीचा कुठे उल्लेखही नव्हता.

मी साहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मॉडेल बंद होणार असल्याचं पत्र मला पावसाळ्यातच आलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू विकली असतीस? तिकडच्या लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे, म्हणून तर तुला ठेवलाय."

इतके दिवस मला वाटत होतं की मी चांगलं बोलतो, म्हणून माझ्या गाड्या जातात.

रविवारी मी मामांकडे गेलो. सगळं आपणच सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. पण मामा दोन दिवस आधीच शोरूमला जाऊन आले होते. नवीन गाडी त्यांना मुरबाडच्या नाक्यावर दिसली होती. त्या दिवशी मी किन्हवलीकडे फिरतीवर होतो. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, तुमच्या भाच्याला सगळं माहीत होतं, त्यालाच विचारा.

मामा खाटेवर बसले होते. मला बस म्हणाले नाहीत.

"तुला म्हायत व्हतं का?"

"नाय, मामा."

"तू तिथं रोज बसतोस. तुजा सायब माज्या तोंडावर सांगतो, तुला म्हायत व्हतं. एवढा मोठा मानूस खोटा कशाला बोलल?"

मी पत्राचं सांगायला लागलो. ते उठून शेताकडे निघून गेले. मामी म्हणाल्या, "आता नको बोलू. जेवून जा." मी जेवलो नाही.

सोमवारी राजीनामा दिला. साहेबांनी कारणही विचारलं नाही. पुढे मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो.

तीन वर्षांनी मामांच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. तो पार्ट मिळेना. मला मामींकडून कळलं. मी भिवंडीच्या भंगारवाल्यांकडे दोन दिवस फिरलो आणि एक जुना गिअरबॉक्स शोधून मामांच्या घरी ठेवून आलो. तेव्हा मामा बाजारात गेले होते. त्यांनी तो बसवला, गाडी चालू केली. मला निरोप मात्र आला नाही. लग्नकार्यात भेटले की "कसा आहेस?" एवढंच विचारायचे आणि उत्तर पुरं व्हायच्या आत दुसऱ्याशी बोलायला लागायचे.

आणखी काही वर्षांनी त्यांनी दुसऱ्या कंपनीचा छोटा ट्रक घेतला. सल्ला जावयाचा होता. पेढे मामी घेऊन आल्या, एकट्याच.